मिसळीच्या गाळ्यात फरशी कुठली टाकावी, चकचकीत का मॅट?

दादा, तुम्ही विचारलंय की राजारामपुरीत 600 स्क्वेअर फुटांचा गाळा भाड्यानं घेतलाय, मिसळ-नाष्ट्याचं चालू करायचंय, खाली जुनी टाइल आहे, तर नवीन चकचकीत टाकू का मॅट, आणि टाइलचे कारखाने आहेत त्या गुजरातमधल्या मोरबीहून डायरेक्ट मागवली तर परवडेल का. मी 14 वर्षं झाली कोल्हापुरात दुकानांची, हॉटेलांची फरशीची कामं घेतोय, त्यामुळं जे डोळ्यादेखत झालंय तेच सांगतो.

चकचकीत अजिबात नको. दिसायला भारी वाटते, लाइट पडला की आरशासारखी चमकते, सगळं मान्य. पण आपल्याकडचा जुलै डोळ्यासमोर आणा. गिऱ्हाईक येणार ते ओल्या चपलेनं, हातातली छत्री ठिबकत, आणि आत टेबलाखाली कुठंतरी तर्रीचा थेंब सांडलेला. पाणी आणि तेल एकत्र आलं की पॉलिश टाइलवर पाय थांबतच नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका बेकरीचं काम केलेलं, मालकाला अशीच काचेसारखी टाइल पाहिजे होती, मीबी गिऱ्हाईकाची इच्छा म्हणून गप बसवून दिली. पहिल्याच पावसात एक आजी पाव घ्यायला आल्या आणि दारातनं आत दुसऱ्या पावलाला घसरल्या, मनगट मोडलं त्यांचं. मी दवाखान्यात बघायला गेलो तर त्या मलाच म्हणाल्या, बाळा माझंच लक्ष नव्हतं. तेव्हा लई वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासनं त्या मालकानं पावसाळाभर फरशीवर बारदान अंथरलं. तेव्हापासनं मी दारात आणि खाण्याच्या जागेत पॉलिश टाइल बसवायला सरळ नाही म्हणतो, काम गेलं तरी चालेल.

आता मॅट म्हणजे कुठलीबी मॅट नव्हे. टाइलच्या कॅटलॉगमध्ये R9, R10, R11 असे नंबर असतात, R13 पर्यंत जातात. ही जर्मन टेस्ट आहे, त्यात तेल लावलेल्या फरशीवर माणसाला चालवतात आणि फरशीचा उतार हळूहळू वाढवत नेतात, किती उतारापर्यंत पाय टिकतो त्यावरनं नंबर पडतो. म्हणजे आपल्या मिसळवाल्यांसाठीच असल्यासारखी टेस्ट आहे बघा! बसायच्या जागेत R10, भटारखान्यात आणि भांडी घासायच्या जागी R11 च्या खाली जाऊ नका. आणि उलटंबी करू नका, एकदम खडबडीत उंचवट्यांची पार्किंग टाइल बसायच्या जागेत टाकली तर पोछा फिरत नाही, त्या खड्ड्यांत तेलकट काळा थर बसतो आणि महिन्याभरात हॉटेल कळकट दिसायला लागतं.

शोरूममध्ये उभं राहून निवडू नका. तिथं टाइल भिंतीला उभी लावलेली असते, वर फोकस मारलेला, सगळ्याच छान दिसतात. दोन-तीन सँपल मागून घरी आणा, जमिनीवर आडवी ठेवा, वरनं तांब्याभर पाणी ओता आणि आपल्याच मिसळीचा चमचाभर कट टाका, मग रोजची रबरी चप्पल घालून पाय घासून बघा. नंतर तो कट तसाच रात्रभर राहू द्या आणि सकाळी साध्या साबणानं पुसा. हळदीचा पिवळा डाग राहिला का ते दिसेल. राहिला की ती टाइल बाद, कितीबी स्वस्त असू दे.

डागावरनं आठवलं, टाइलपेक्षा दरजा, म्हणजे दोन टाइलांमधल्या फटी, जास्त घाण होतात. गवंडी पांढऱ्या सिमेंटनं दरजा भरून मोकळा होतो, आणि पंधरा दिवसांत त्या पिवळ्या आणि मग काळ्या पडतात, कारण सिमेंट तेल पिऊन घेतं. तुम्ही इपॉक्सी ग्राउटच, म्हणजे तेल-पाणी न पिणारा दरजा भरायचा मसाला, भरायला लावा, रंग गडद करडा घ्या. महाग आहे, भरायलाबी किचकट आहे, वेळेत पुसलं नाही तर टाइलवर त्याचा थर धरतो आणि निघता निघत नाही, म्हणून आधी भरलेला माणूसच बघा. बाकी कुठं काटकसर करा पण इथं नको.

खरेदीत एक गोष्ट लई जणांना माहीत नसते. बॉक्सवर किंवा बिलात प्रीमियम, स्टँडर्ड, कमर्शियल असं लिहिलेलं असतं. कमर्शियल वाचून माणसाला वाटतं की दुकानासाठीच बनवलेली मजबूत टाइल असणार. तसं नाही. तो निवडीचा दर्जा आहे, म्हणजे कडा किंचित वाकड्या, छटा उन्नीस-बीस, कुठं ठिपका असलेला माल बाजूला काढून त्याला हे नाव देतात. दर कमी दिसतो म्हणून लोक उड्या मारतात आणि बसवताना दरजा सरळ येत नाहीत म्हणून गवंड्याला शिव्या घालतात. तुम्ही प्रीमियमच घ्या, आणि विचारताना सरळ विचारा, फुल बॉडी आहे का वरती फक्त ग्लेझ आहे. फुल बॉडीचा रंग आरपार असतो, टवका उडाला तरी डोळ्यात येत नाही. ग्लेझवाल्या मालाला वर पातळ थर आणि प्रिंट असते, जिथं खुर्च्या रोज सरकणार तिथं वर्षा-दोन वर्षांत फरक दिसतो. ग्लेझवालीच आवडली तर पीईआय 4 किंवा 5 बघून घ्या, ती झीज सोसायची पायरी आहे, 5 सगळ्यात वरची.

हिशोबाचं. 2 बाय 2 फुटी टाइलच्या बॉक्समध्ये 4 टाइल असतात, तोंडी 16 स्क्वेअर फूट म्हणतात पण टाइल 600 बाय 600 मिलिमीटर असते त्यामुळं खरं माप 15.5 भरतं. तुमच्या 600 फुटाला 16 नं धरलं तर 38 बॉक्स, खऱ्या मापानं 39. त्यात कटिंगची तूट 7-8 टक्के धरा, म्हणजे 42 बॉक्स. सगळे एकदम उचला आणि टेम्पोतनं उतरवतानाच प्रत्येक बॉक्सवरचा शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे का बघा, दोन बॅच मिसळल्या की उन्हात पट्टे दिसतात. दर ठरवताना 18 टक्के जीएसटी, भाडं, हमाली धरून का सोडून तेबी आधीच विचारून घ्या.

मोरबीचं म्हणाल तर 42 बॉक्ससाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही. सुट्टा माल ट्रान्सपोर्टला टाकला की वाटेत फुटतो, मग चार टाइलसाठी परत फोनाफोनी. इथल्या डीलरकडं न फोडलेले बॉक्स परत घेतात का ते विचारून, पावतीवर लिहून घेऊन माल उचला. मोठं मंगल कार्यालय असतं, पाच-सात हजार फुटांचं, तर मीच म्हटलो असतो जावा.

आता खालची जुनी टाइल. ती उचकटायची गरज नसते, पण आधी हातोडीच्या दांड्यानं सगळीकडं ठोकून बघा, जिथं बद्द आवाज येईल ती खाली पोकळ आहे, तेवढ्या काढून भरून घ्या. नवीन टाइल सिमेंटच्या स्लरीवर, म्हणजे पातळ कालवलेल्या सिमेंटवर, बसवू देऊ नका. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळं सिमेंट तिला धरतच नाही, टाइल चिकटवायचं अॅडहेसिव्हच पाहिजे, आणि तेबी टाइलवर टाइल बसवायचं वेगळं येतं ते. यानं फरशी साधारण अर्धा इंच वर येते, म्हणून काम सुरू करायच्या आधी शटर पूर्ण खाली ओढून बघा, कुलपाची कडी कुठं येते ते बघा. एका गाळ्यात हे बघायचं राहिलं आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री वेल्डर शोधत फिरावं लागलेलं.

भटारखान्यात ढाळ पाणी जायच्या जाळीकडं, आठ फुटाला इंचभर. टाइल बसवून झाल्यावर नाही तर बसवतानाच बादलीभर पाणी ओतून बघायचं. त्या जागेत कोटा फरशी सुचवतील लोक, टिकाऊ आहे खरा, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू आणि फरशी धुवायचं अॅसिड त्याला चालत नाही. विनाइल, म्हणजे प्लास्टिकची फरशी, तर तुमच्या धंद्यात नकोच, गरम पातेलं टेकलं की डाग कायमचा. कपड्याचं दुकान, ऑफिस यांना चालतं. आणि हे कोणी शाहूपुरी-व्हीनस कॉर्नरकडचे वाचत असतील तर 2019 आणि 2021 चा पूर आठवून लाकडी लॅमिनेटचा विचार सोडा, आतला भुसा फुगतो आणि सगळी फरशी उचलून टाकावी लागते.

गाळा भाड्याचा आहे म्हणून फरशीचा खर्च कुणाचा आणि सोडताना काय, ते मालकाकडनं लिहून घ्या. मुहूर्ताच्या घाईत बसवलेल्या फरशीवर त्याच दिवशी टेबलं चढवू नका, अॅडहेसिव्हला निदान एक दिवस द्या, इपॉक्सी ग्राउटच्या डब्यावर लिहिलेला वेळबी पाळा. उरलेल्या बॉक्सपैकी दोन माळ्यावर ठेवा आणि बॅच नंबरचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. शटरची आणि भटारखान्याच्या जाळीची मापं इथं टाकली तर ढाळ कुठनं कुठं काढायचा ते सांगतो.