ईपीएस-95 ची किमान पेन्शन 7500 केली तर फंड बुडेल का?

ईपीएस-95 म्हणजे पीएफ कापणाऱ्या कंपन्यांतल्या कामगारांची 1995 ची पेन्शन योजना. वाढीव पेन्शन तिच्या फंडातूनच द्यायची म्हटलं तर बुडेल. पस्तीस वर्षं पंधरा हजार पगारावर भरणाऱ्याला सूत्राने 7500 बसते. तीच सगळ्यांची किमान केली तर हिशोब जुळणार कुठून? पण या मागणीवर लोक म्हणतात ना, ‘या लोकांनी भरलं किती आणि मागतात किती’, ते वाक्य मी साडूच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतोय की लिहायला बसलोच.

मी भोसरीत टर्नर होतो. सप्टेंबर 1996 ला लागलो, 2019 च्या सप्टेंबरात रिटायर. पेन्शन जेमतेम तीन हजार. तेव्हा जेवढी, तेवढीच आज. आम्हाला महागाई भत्ता नाही.

साडू धायरीला राहतो. राज्य सरकारातून रिटायर, जुनी पेन्शन. गेल्या गौरीजेवणाला पंगतीतच त्याने डीए, म्हणजे महागाई भत्ता, वाढल्याचा मेसेज मोठ्याने वाचला आणि वर हे वाक्य मला ऐकवलं. मी अर्धी पुरणपोळी ताटात ठेवून कागद मागितला. म्हटलं, बघ. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 पेन्शनला जातात, पण 2001 ते 2014 त्यासाठी पगाराची मर्यादा साडेसहा हजार. म्हणजे महिन्याला 541 रुपये, पगार कितीही असो. नंतर 1250. वर केंद्राचे 1.16 टक्के. एवढ्यात मला मरेपर्यंत, माझ्यामागे बायकोला निम्मी. खड्डा आहे, मी कुठे नाही म्हणतोय? आता तू सांग, तुझ्या पेन्शनसाठी तू किती भरलेस? जीपीएफ, म्हणजे तुझा भविष्यनिर्वाह निधी, तो तर व्याजासकट घरी आणलास. तुझी पेन्शन दरवर्षी तिजोरीतून जाते. तुला फंडच नाही, मग बुडणार काय, कप्पाळ?

मेहुणीने आणखी कटाची आमटी वाढली.

आमची किमान पेन्शन 1000 आहे, त्यातही सरकार बजेटमधून भर घालतंच. वाढवायची तर तिथूनच वाढवा, आणि कर कोण भरणार तेही सांगा. तुम्ही तरुण असाल तर नोकरी बदलताना 10सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढू नका. दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शनच नाही.

हां, सगळेच सरकारी नोकर साडूसारखे नाहीत. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सरकारात लागलेल्या बहुतेकांना ती जुनी पेन्शन नाही, पगारातून 10 टक्के कापतात. साडूचा मुलगा त्यातलाच. मार्च 2023 च्या संपात तोही होता, आणि साडू त्याला रोज स्कूटरवरून मोर्चाला सोडत होता.