कालपर्यंत सोबत डबा खाल्ला, आज साहेब कसं व्हायचं?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आठ वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर होतो, आता मालकांनी सुपरवायझर केलंय. ज्या काकांनी मला काम शिकवलं तेच हाताखाली आलेत. परवा त्यांनी बनवलेले वीस जॉब, म्हणजे मशीनवरचे पार्ट, रिजेक्ट झाले, मी सगळ्यांसमोर बोललो, तेव्हापासून ते बोलतच नाहीत. काय करू?
- एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्यांसमोर बोललात तिथंच घोळ झाला बघा. चहाच्या सुट्टीत एकटे जा, रिजेक्ट झालेला एक पीस हातात घ्या आणि म्हणा, 'काका, परवा माझं चुकलं, पण हे बोअरचं भोक लहान का होतंय बघता का जरा?' इन्सर्ट, म्हणजे कापायचं टोक, झिजलंय का ड्रॉइंगच बदललंय ते त्यांना बहुतेक ठाऊकच असणार, कुणी विचारलं नसेल एवढंच. आणि खरं सांगू का, वीस जॉब जाईपर्यंत कुणाचंच लक्ष नव्हतं ही चूक त्यांच्याइतकीच तुमचीपण आहे. पहिला पीस मोजून ओके झाल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही, हा नियम सगळ्यांना लावा, नुसता काकांना नको, नाहीतर परत रुसतील.

बाकी गणपतीच्या रजा आत्ताच वहीत लिहून घ्या, आणि ओव्हरटाईम दुप्पट दरानं मिळतोय का बघा, कारखान्यांना तसा कायदाच आहे. मिळत नसेल तर मालकांपुढं हा विषय तुम्हीच काढा. काका दुसऱ्या दिवशी लगेच हसून बोलतील असं नाही, पंधरा दिवस जाऊ द्यात.