कोड चालला, तरी नकार का?

प्रश्न : ताई, मी लातूरचा. तीन वर्षांपासून हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत आहे. एका मोठ्या अमेरिकन कंपनीत माझे इंटरव्ह्यूचे पाच राउंड झाले. चार बरे गेले. पाचव्यात वेळ लागला, पण कोड बरोबर आला. तीन आठवड्यांनी दोन ओळींचा नकार. कारण विचारलं तर ‘फीडबॅक देता येत नाही’. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होतो. इंग्रजीमुळे गेलं का? आई विचारते, ‘चार पास झालास ना, मग?’ तिला काय सांगू?

उत्तर : आईला सांग, इथे राउंडवार पास-नापास नसतं. इंटरव्ह्यू घेणारा प्रत्येक जण आपलं टिपण लिहून देतो आणि सगळी टिपणं एकत्र वाचून निर्णय होतो. गूगलने तर यासाठी हायरिंग कमिटीची पद्धत रुजवली. त्या कमिटीतल्या लोकांनी उमेदवाराला पाहिलेलंही नसतं. त्यांच्यापुढे कागदावर जे आलं, तेवढाच तू.

मी नऊ वर्षं असे इंटरव्ह्यू घेते. हातात ४५ मिनिटं असतात. मध्यंतरी एका मुलाला विचारलं, क्रमाने लावलेल्या बऱ्याच याद्या आहेत, त्यांची एक यादी कर. तो स्क्रीनकडे बघत बसला. ‘काय चाललंय डोक्यात?’ म्हटलं, तर ‘एक मिनिट, मॅम.’ अकरा मिनिटं गेली. मग हीप, म्हणजे सगळ्यांतला लहान आकडा चटकन हाती देणारी रचना, वापरून एका दमात सुंदर कोड लिहिला. मी टिपण लिहायला बसले आणि अडले. दोन-दोन याद्या जोडत जाण्याऐवजी हीप का घेतला? मधली एखादी यादी रिकामी निघाली तर काय, हे मनात आलं होतं का? आलंच असणार, पण मी ऐकलं नव्हतं. ‘उत्तर बरोबर, विचार कळला नाही’ एवढंच लिहिता आलं. घरी जाताना सारखा तोच मुलगा डोळ्यांपुढे येत होता. तुझ्या पाचव्या राउंडला असंच काही झालं का, आठवून बघ.

इंग्रजीचं म्हणशील, तर व्याकरणाचे मार्क कुणी कापत नाही. नुकसान होतं ते गप्प बसण्याने. विचार मराठीत पळतो आणि वाक्य इंग्रजीत नीट जुळेपर्यंत आपण तोंड उघडत नाही. मीही नगरपालिकेच्या शाळेतली. २०१३ साली एका कंपनीत फळ्यापुढे मार्कर धरून उभी होते, लिहायचं आणि बाहीने पुसायचं, एक शब्द नाही. तिथून नकारच आला.

मग मी एक केलं, ते तूही करून बघ. रोज एक गणित घे, फोनचं रेकॉर्डिंग सुरू कर आणि मराठीत मोठ्याने सोडव: ‘आधी रिकामी यादी बघतो, मग सगळ्यांतला लहान आकडा काढतो.’ दुसऱ्या दिवशी तेच गणित तुटक्यामुटक्या इंग्रजीत. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. रूममेटला आधीच सांगून ठेव.

आणि या नकारावरून स्वतःची किंमत लावू नकोस. ही मोजपट्टी अजून कच्ची आहे. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, असली कोडी म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय, असं गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक २०१३ मध्ये स्वतःच म्हणाले होते. २०१५ मध्ये मॅक्स हॉवेल यांना गूगलने नाकारलं. मॅकवर काम करणारे असंख्य प्रोग्रामर सॉफ्टवेअर बसवायला रोज वापरतात ते होमब्रू त्यांनीच सुरू केलेलं.

बहुतेक कंपन्या सहा महिने ते वर्षभराने पुन्हा अर्ज घेतात. कारण विचारत बसू नकोस, ते सांगणार नाहीत. रिक्रूटरला आजच ईमेल कर, ‘पुन्हा अर्ज कधी करू?’ एवढंच विचार. याचं उत्तर सहसा मिळतं. जी तारीख येईल ती आईलाही सांग.