वाचकांचे प्रश्न : बोअरचा कोअर आणि आकाशाची खोली

प्रश्न : धरणाच्या पायासाठी कोअर ड्रिलिंगचं, म्हणजे खडकात बोअर घेऊन त्यातून सलग दंडगोल नमुना (कोअर) काढण्याचं, काम करतो. एका व्याख्यानात हबल दुर्बिणीच्या 'डीप फील्ड' चित्राला 'विश्वाचा कोअर' म्हटलेलं ऐकलं. ही तुलना नुसती शोभेची आहे की कामाचीही? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कामाची आहे. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बीण सप्तर्षी तारकासमूहातल्या जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्यावर दहा दिवस रोखून ठेवली होती आणि ३४२ छायाचित्रं घेतली होती. तुकड्याची बाजू सुमारे २.६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), पूर्ण चंद्राची रुंदी ३१ कलांच्या आसपास असते. एवढ्याशा जागेत सुमारे ३००० दीर्घिका सापडल्या. तुमच्या एनक्यू (हे एक प्रमाणित माप) बोअरमध्ये ७५.७ मिमीच्या भोकातून ४७.६ मिमी जाडीचा कोअर निघतो. दोन्हीकडे रुंदी नगण्य, सगळी कमाई खोलीची, आणि खोलीत जाणं म्हणजे मागच्या काळात जाणं.

एका भोकावर विसंबायचं नाही, हेही दोन्हीकडे सारखंच. निवडलेला तुकडा योगायोगाने वेगळा तर नव्हता ना, हे पडताळायला १९९८ मध्ये दक्षिण आकाशात दुसरं डीप फील्ड घेतलं. पायाच्या कामात दुसरी बोअर वाचवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खोली आणि वय यांचं गणित मात्र कुठेच सरळ नसतं. ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे दूरचा प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ० वरून १ वर गेली की आपण जवळपास आठ अब्ज वर्षं मागे जातो. १ वरून ३ वर जाताना चार अब्जही भरत नाहीत. अंटार्क्टिकाच्या बर्फात उलटं : २८०० मीटरच्या कोअरमध्ये तळाशी एका मीटरमध्ये १३ हजार वर्षांपर्यंतचा काळ दाबून बसला आहे. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये तर दहा-वीस मीटर जाडीचा लाव्हाप्रवाह भराभर साचलेला असतो आणि दोन प्रवाहांमधला मोठा खंड काही सेंटिमीटर लाल मातकट थरात, म्हणजे रेड बोलमध्ये, मावतो.

नेमका तोच थर ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून जातो. तुलनेचा खरा उपयोग इथे आहे. दूरच्या अंधुक दीर्घिका दुर्बिणीला दिसत नाहीत, तेजस्वी तेवढ्या यादीत येतात, म्हणून सरासरी तेज फुगतं. याला माल्मक्विस्ट पक्षपात म्हणतात. कोअर बॉक्समध्येही कठीण खडक तेवढा पोचतो, मऊ खडक गळतो, आणि पाया आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. खगोलशास्त्रज्ञ आपण किती अंधुक वस्तूंपर्यंत पोचलो ती मर्यादा यादीबरोबर छापतात. तुमच्या लॉगमध्येही (बोअरच्या नोंदवहीत) कोअर लॉसची, म्हणजे हाती न आलेल्या कोअरची, नोंद तितक्याच काटेकोरपणे हवी.

समजा १.५ मीटरच्या रनमध्ये (एका खेपेत ड्रिल केलेल्या लांबीत) १.२ मीटर कोअर आला. रिकव्हरी ८० टक्के. उरलेले ३० सेंमी कुठे गेले? तुकडे सरकवून जागा भरू नका. जिथे गळल्याचा अंदाज आहे तिथे लॉसच्या लांबीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि त्यावर खोली लिहा. अंदाज करायला दोन खुणा आहेत : परतीचं पाणी अचानक लालसर होणं आणि त्याच दाबाला रॉड झरझर खाली जाणं. दोन्हींची वेळ आणि खोली तिथल्या तिथे टिपली पाहिजे, संध्याकाळी आठवून नाही. असा थर अपेक्षित असेल तर ट्रिपल ट्यूब बॅरल (कोअर जपायला आत आणखी एक नळी असलेलं) लावा, रन अर्ध्या मीटरवर आणा, पाणी आणि फीडचा दाब कमी करा, आणि पाणी थेट कोअरवर न येता बिटच्या तोंडातून सुटेल असा फेस डिस्चार्ज बिट वापरा. आरक्यूडी (रनमध्ये लांब, अखंड तुकडे किती टक्के, हा खडकाच्या दर्जाचा आकडा) काढताना १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकडेच धरायचे, पण बॅरलमधून काढताना झालेली ताजी मोड जोडलेली समजायची.

प्रश्न : कॅसेग्रेन दुर्बिणीसाठी (हिच्यात प्रकाश मुख्य आरशाच्या मधल्या भोकातून मागे येतो) २०० मिमीचा आरसा घासायला घेतला आहे. मधलं भोक कधी आणि कशाने पाडावं? (एक हौशी वाचक, पुणे)

उत्तर : घासायच्या आधी, पण आरपार नाही. काचेत थोडा ताण कायम अडकलेला असतो. पॉलिश झाल्यावर भोक पाडलं की तो सुटतो आणि साधलेला आकार बिघडतो. आधीच आरपार पाडलं तर भोकाची कड घासताना खाली वळते.

भोक ४५ मिमीचं असेल तर तेवढ्या बाहेरील व्यासाचा, दीड-दोन मिमी जाडीचा पितळी किंवा लोखंडी पाइप घ्या. तोंडाला तीन-चार खाचा पाडा, म्हणजे पावडर आत-बाहेर फिरेल. काचेवर मातीचा बांध घालून त्यात ८० नंबरचं कार्बोरंडम (घासायची कठीण पावडर) आणि पाणी ठेवा. ड्रिल प्रेस मिनिटाला १०० ते १५० फेऱ्यांवर चालवा, दर दहा-पंधरा सेकंदांनी पाइप उचला. दाब वाढवून वेळ वाचत नाही, काच तापून तडकते. डायमंड बिट वापरलात तर पाण्याची धार अखंड हवी. तो गुळगुळीत होऊन कापेनासा झाला तर ओल्या कार्बोरंडम दगडावर थोडा चालवा, हिरे पुन्हा उघडे पडतात.

भोक मागच्या बाजूने घ्या. किती काच शिल्लक ठेवायची, इथे बहुतेक जण चुकतात. एफ ४ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या चौपट असलेल्या) आरशाची वक्रता त्रिज्या १६०० मिमी, म्हणजे मध्यभागी ३.१ मिमी काच घासून जाणार. शेवटी ३ मिमी उरायची तर आता ६ मिमीहून थोडी जास्त ठेवा, नाहीतर बारीक पावडरवर असताना मधला ठोकळा सुटतो आणि आरशावर ओरखडे पडतात. खाच प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून वरून मेण लावा. आकार पूर्ण साधल्यावर, मुलामा द्यायच्या आधी, उरलेली काच कापा. पुढच्या बाजूला डांबराने एक साधी काच चिकटवली तर कड फुटत नाही.

प्रश्न : चंद्रावर, मंगळावर पाणी न वापरता कोअर कसा काढतात? (भूशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : पाणी बिट थंड ठेवतं आणि चुरा वर आणतं. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तिथे पाणी उकळेल किंवा गोठेल. म्हणून ठोके देत फिरणारा टंगस्टन कार्बाइडचा बिट आणि चुरा वर चढवणारी मळसूत्री खाच वापरतात.

ही खाच तुटली की काय होतं ते १९७१ मध्ये अपोलो १५ वर दिसलं. रॉडच्या सांध्यांवर खाच सलग नव्हती. चुरा तिथे अडकला, रॉड आवळले, आणि उष्णतामापनाची भोकं ठरलेल्या तीन मीटरपेक्षा बरीच उथळ राहिली. सुमारे २.४ मीटरचा कोअर उपसायला दोन्ही अंतराळवीरांना जोर लावावा लागला. पुढच्या मोहिमेसाठी सांधे बदलले आणि रॉड उपसायला जॅक दिला.

मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरचा कोअर १३ मिमी जाड आणि ६ सेंमी लांब असतो. आपल्याकडे कोअर लिफ्टरची रिंग कोअर आवळते आणि वर ओढताना तो तुटतो. तिथे नळी बिटच्या आत किंचित बाजूला सरकवून कोअर मोडतात. ऑगस्ट २०२१ मधला पहिला प्रयत्न रिकामा गेला, कारण खडक ठिसूळ होता आणि त्याचा भुगा झाला. सप्टेंबरमध्ये जास्त कठीण खडक निवडल्यावर कोअर मिळाला. शंभर टक्के कोअर लॉस म्हणजे काय, त्याचं हे उत्तम उदाहरण.

प्रश्न : बोअर वाकते तसा प्रकाशही वाकतो ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वाकतो, पण फार कमी. सूर्याच्या कडेजवळून येणारा प्रकाश १.७५ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) वळतो; हे १९१९ च्या सूर्यग्रहणात मोजलं गेलं. एवढ्या कोनाने १०० मीटरच्या बोअरचा तळ एक मिलिमीटरही सरकणार नाही. बोअर मात्र २ अंशांनी कलली तर तळ साडेतीन मीटर सरकतो. दर ३० मीटरला सर्व्हे (बोअरचा कल आणि दिशा यांची मोजणी) घ्या आणि होकायंत्राचं उपकरण लोखंडी केसिंगमध्ये (बोअरला आधार देणाऱ्या नळीत) वापरू नका. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटनेही दिशा चुकते, तिथे जायरो (चुंबकाविना दिशा दाखवणारं उपकरण) लागतो.