चार पानं तुझी, दीड ओळ तिच्या गुडघ्याची

आधी पत्र थोडक्यात सांगते. लिहिणारी 39 वर्षांची, बॅले शिकायला लागली 32 व्या वर्षी, तेव्हापासून आठवड्याला तीन क्लास. काही महिन्यांपूर्वी तिच्या टीचरने मोठ्यांचा बिगिनर्स क्लास तिच्यावर सोपवला. तिथेच लहान मुलांना शिकवणारी एक 23 वर्षांची मुलगी आहे, पाचव्या वर्षापासून नाचणारी, ती चेंजिंग रूममध्ये कुणाला तरी म्हणाली की "हल्ली काय, कोणीही शिकवतं", आणि ते हिच्या कानावर आलं. तेव्हापासून हिची झोप उडालीये. पाय 90 अंशांच्या वर जात नाही, डबल पिरुएत, म्हणजे एका पायावर सलग दोन गिरक्या, दहातून चारदा जमतं, मी लोकांना फसवतेय का, सोडून देऊ का, ताई तुम्हीच सांगा. खाली सही, "उशिरा आलेली".

प्रिय उशिरा आलेली,

त्या पोरीचं सोड. बोलली ते वाईट बोलली, संपलं. तिच्यावर तू दीड पान लिहिलंयस, तिचा पाय कुठवर जातो, उडीवरून उतरते तेव्हा फरशीचा आवाज कसा येत नाही, सगळं अगदी बारकाईने. आता तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला वाचून दाखवते, तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे, तीही कंसात. "(एक 52 वर्षांच्या बाई तिसऱ्या क्लासनंतर आल्याच नाहीत, गुडघा दुखतो म्हणाल्या, आधीचंच दुखणं असणार.)" कंस बंद, आणि लगेच परत डबल पिरुएत.

मी तिथेच थांबले. "असणार" म्हणजे काय गं? विचारलंस का त्यांना? नाचता येईना अंगण वाकडं ही झाली नाचणाऱ्यांची म्हण, शिकवणाऱ्यांची वेगळी दिसतेय, शिकवता येईना गुडघा जुना.

काय झालं असेल ते तुलाही माहितीये, फक्त तू तिकडे बघितलं नाहीस. बाई बारला, म्हणजे आधाराच्या दांडीला, हात लावून उभ्या आहेत, टाचा जुळलेल्या, पावलं बाहेर. समोर तू, तुझी पावलं त्यांच्यापेक्षा बरीच उघडी. आपलीही तेवढी उघडावीत असं कुणाला वाटणार नाही? मग त्या काय करतात, प्लिएमध्ये गुडघे वाकवतात, वाकल्यावर पाऊल आणखी थोडं बाहेर सहज सरकतं, ते सरकवतात, आणि पाऊल तिथेच रोवून गुडघे सरळ करतात. झालं. पाऊल एकीकडे, मांडी दुसरीकडे, आणि मधल्या गुडघ्याला पीळ. खुबा गोल फिरतो, त्याचा सांधाच तसा आहे, गुडघा म्हणजे जवळजवळ दाराची बिजागरी, वाकलेला असताना जरा तरी फिरतो, सरळ झाल्यावर तेवढंही नाही. असं एका क्लासमध्ये साठ-सत्तर वेळा झालं तर गुडघा आतल्या बाजूने बोलायला लागणारच.

हे दिसायला तीन सेकंद लागतात. गुडघ्याची वाटी आत वळलेली, तळव्याची कमान बसलेली, सगळा भार अंगठ्याच्या बाजूला. पण त्यासाठी त्यांच्या पावलांकडे बघायला हवं, आणि तू तर लिहितेस की मी आरशाकडे तोंड करूनच शिकवते कारण त्यांच्याकडे वळलं की माझं डावं-उजवं उलटं होतं. अगं, आरशात तू कुणाला बघत होतीस? स्वतःच्या पायाला, आज तो 90 वर जातोय की नाही. त्यांना उजवं सांगताना आपण डावं करायचं, ही घरी आठवडाभर घोकायची गोष्ट आहे, सगळ्याच टीचर घोकतात. त्यात लाज कसली.

आणि पहिल्याच आठवड्यात पाचवी पोझिशन, दोन्ही पावलं बाहेर वळवून एकापुढे एक चिकटवलेली! "स्टँडर्ड खाली येऊ नये म्हणून", रशियन बॅले-शिक्षिका व्हागानोवाचं पुस्तक वाचून. पुस्तक चांगलंच आहे, 1934 चं, अजून चालतं. पण ज्या शाळेची ही पद्धत आहे तिथे मुलं घेतात दहाव्या वर्षाच्या आसपास, आणि घेण्याआधी त्यांचे खुबे किती उघडतात ते तपासून घेतात, ज्यांचे उघडत नाहीत त्यांना घेतच नाहीत. तरी त्या निवडक मुलांनाही पाचवीपर्यंत हळूहळूच नेतात. तुझ्याकडे येणाऱ्या बाईंना असं कुणी निवडलेलं नाही, त्या आपणहून आल्यात, आणि 52 व्या वर्षी खुब्याचं हाड जसं बसलंय तसंच राहणार, त्याची खोबण आता बदलत नसते. स्टँडर्ड कुणाचं सांभाळत होतीस तू, त्या चेंजिंग रूममधल्या पोरीचंच ना?

बॅलेतला तो मोठा नर्तक नुरेयेव 17 व्या वर्षी लेनिनग्राडच्या बॅले शाळेत गेला असंही स्वतःच्या समाधानासाठी लिहिलंयस. गेला, 1955 मध्ये. पण त्याआधीही तो नाचतच होता, आणि मुळात त्याचं इथे काय काम? तुझ्या क्लासला नुरेयेव येत नाही, 52 वर्षांच्या बाई येतात. येत होत्या.

मी चिडलेय हे कळतंय मला. कारण सांगते. चाळिशीत मीही दीड वर्ष बॅले शिकले. टीचर म्हणायच्या "अजून बाहेर, अजून", मी प्लिएमधली तीच चोरी करायचे आणि त्या "छान" म्हणायच्या. जिना उतरताना उजवा गुडघा टोचायला लागला तेव्हा मी ऑफिसची वेळ बदलली असं सांगून क्लास सोडला. कुणी फोन केला नाही. पुढची कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले की माझं वय झालं होतं.

तुझ्या पत्रातला एक परिच्छेद मात्र मी तीनदा वाचला. दुसऱ्या वर्षी एक दिवस तॉंद्यू करताना, म्हणजे सरळ पाय जमिनीवरून लांब सरकवताना, मांडीच्या मागे, अगदी वर, बसतो त्या हाडाच्या खाली काहीतरी आवळलं गेलं आणि पाय आपला आपण फिरला, पावलाने ओढावा लागला नाही, आणि तू बारला धरून रडलीस. हे तू कसलं सहज लिहून गेलीस! पाचव्या वर्षापासून नाचणाऱ्या पोरीला हे सांगता येणार नाही, तिला पाय न फिरणं कसं असतं ते आठवतच नाही. तुला आठवतं, दिवस-वेळेसकट आठवतं. त्या बाईंना तेवढंच हवं होतं आणि तू त्यांना पाचवी पोझिशन दिलीस.

तर आता फोन कर. मेसेज नको, मेसेजला त्या "ठीक आहे मी" लिहून मोकळ्या होतील. फोनवर माफीचं भाषण नको, तुझी सात वर्षंही नकोत. गुडघा नक्की कुठे दुखतो आणि काय करताना दुखायला लागला एवढं विचार, आणि मग गप्प बस, त्यांना बोलू दे. अजून सूज असेल किंवा साधं चालतानाही दुखत असेल तर आधी डॉक्टर, तिथे तुझी हुशारी चालवायची नाही. नसेल तर क्लासच्या अर्धा तास आधी बोलाव. पावलं समांतर, टाचा जुळलेल्या, गुडघे सरळ, भार टाचांवर घेऊन बोटं जराशी उचलायला सांग आणि पाय खुब्यातून उघडू दे. जिथे थांबतील तिथे बोटं खाली. तो त्यांचा टर्नआउट, पाय खुब्यातून जेवढा बाहेर वळतो तेवढाच. पावलांमध्ये वीतभर जागा उघडली तरी वीतभर. त्यावर प्लिए, त्यावरच तॉंद्यू, वर्षभर पाचवी नाही. आणि हे सगळं तू जमिनीवर बसून बघायचं, त्यांच्या पावलांसमोर, आरशाकडे पाठ करून.

त्या परत येतीलच असं नाही. नाही आल्या तरी फोन करायचाच.

क्लास सोडू का याचं उत्तर मी आज देत नाही, पुढच्या पत्रावर देईन. त्या पत्रात त्या पोरीचं नाव नको, पिरुएतही नको. बाईंचा गुडघा आतून दुखत होता की बाहेरून, ते पहिल्या ओळीत लिही. आणि कंसात लिहू नकोस.