मादागास्करचे लोक आशियातून आले हे आईच्या डीएनएवरून कसं कळतं? आम्हा निपाणीकरांचंही असं कळेल का?

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग. त्याचा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यातले पिढ्यान्‌पिढ्या साठलेले बारीक बदल मादागास्कर आणि इंडोनेशियातल्या लोकांत जुळतात, त्यावरून कळतं. २०१२च्या एका अभ्यासाने हिशेब काढला, की सुमारे १२०० वर्षांपूर्वी बेटावर वसलेल्या मूळ गटात जेमतेम ३० बायका होत्या, बहुतेक इंडोनेशियाकडच्या! भाषाही बोर्निओतल्या मान्यान भाषेच्या जवळची. पण ही फक्त आईकडून आईकडे जाणारी एकच रेघ. तिथल्यांचा आफ्रिकी वारसाही मोठा आहे.

निपाणीचं म्हणाल तर आडनाव वडिलांचं, रेघ आईच्या आईच्या आईची. ती पणजी गोकाकची असेल तर चाचणी तिच्याच मागे जाणार, आणि ती घरात कानडी बोलायची की मराठी, हे डीएनए सांगत नाही. दहा पिढ्या मागे गणिताने १०२४ पूर्वज, त्यातली ही एक बाई.