दाखल्यावर मधुमेह लिहिला, म्हणजे मृत्यू मधुमेहाने झाला असे नाही

तुमचे प्रश्न दोन आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये दुसरा कुठलाही आजार नसताना कोविडने गेलेली माणसे फक्त 17,371, असे तिथले सरकारी सांख्यिकी कार्यालयच सांगते, मग लाखांचे आकडे फुगवलेले नाहीत का? आणि तुमच्या मामांच्या कागदावर मधुमेह, रक्तदाब लिहिलेला असताना त्यांचा मृत्यू कोविडमध्ये कसा धरला? मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात बरीच वर्षे हेच कागद हाताळले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर फॉर्म 4, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला, भरतात. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात कारणांची साखळी उलटी लिहायची असते: वर शेवटची घटना, तिच्याखाली ती कशामुळे झाली, आणि सर्वांत खाली जिथून हे सगळे सुरू झाले ते मूळ कारण. कोविडच्या रुग्णाचा फॉर्म नीट भरला असेल तर वर श्वसन निकामी होणे, मधे न्यूमोनिया आणि तळाशी कोविड. दुसऱ्या भागात रुग्णाला आधीपासून असलेले, मृत्यूला हातभार लावणारे आजार येतात. मामांचा मधुमेह तिथला. आकडेवारीत मृत्यू मोजला जातो तो पहिल्या भागातल्या तळाच्या ओळीवरून. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020 मध्येच स्पष्ट सांगितले होते की कोविडच्या मृत्यूत सहव्याधी, म्हणजे असे सोबतचे आजार, मूळ कारण म्हणून धरू नयेत.

आता 17,371 कडे या. हे असे दाखले, ज्यांवर आधीचा एकही आजार नोंदलेला नव्हता. ज्यांच्या दाखल्यावर मूळ कारण कोविड होते, पण सोबत मधुमेह, दमा, हृदयविकार असे काही लिहिलेले होते, ते सगळे या आकड्यातून वगळलेले आहेत. मूळ कारण कोविड असलेले मृत्यू जानेवारी 2022 पर्यंत 1 लाख 40 हजारांच्या वर गेले होते. जानेवारी 2022 मध्ये त्या कार्यालयाने स्वतःच जाहीर केले की फक्त 17 हजार गेले असे म्हणणे अत्यंत दिशाभूल करणारे आहे. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेतल्या '6 टक्क्यां'चे हेच झाले होते. फक्त 6 टक्के दाखल्यांवर एकटा कोविड होता, यावरून बाकीचे 94 टक्के दुसऱ्याच कशाने गेले असा अर्थ लोकांनी काढला. त्या 94 टक्क्यांत न्यूमोनिया आणि श्वसन निकामी होणे हेही 'इतर' म्हणून मोजले होते! ते तर कोविडनेच घडवलेले. उलट, नुसता 'कोविड' एवढाच शब्द असलेला दाखला आमच्या दृष्टीने अर्धवट भरलेला असतो.

आणि मधुमेह आहे म्हणून माणूस मरायलाच टेकला होता का? 2023 च्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत, उच्च रक्तदाबाचे 31.5 कोटी. ही माणसे गोळ्या घेऊन वीस-वीस वर्षे नोकरी करतात, मुलांची लग्ने लावतात, शेती बघतात. आपल्याकडच्या रोजच्या सरकारी पत्रकात 'मृतांपैकी इतक्या जणांना अतिजोखमीचे आजार होते' अशी ओळ असायची. ती जोखीम सांगण्यासाठी होती, पण ऐकणाऱ्याला वाटायचे की ते जाणारच होते. मला ती ओळ तेव्हाही बोचायची.

तुमची शंका निराधार नाही, हेही सांगायला हवे. इंग्लंडमध्ये सुरुवातीला चाचणी पॉझिटिव्ह आलेला माणूस पुढे कधीही, कशानेही गेला तरी रोजच्या आकड्यात यायचा. 12 ऑगस्ट 2020 ला चाचणीपासून 28 दिवसांत झालेलेच मृत्यू धरायचे अशी मर्यादा घातली आणि आकड्यातून 5,377 मृत्यू कमी झाले. पण डॉक्टरांच्या दाखल्यांवरून काढलेला आकडा या दोन्हींपेक्षा जास्तच होता.

आपल्याकडची चूक मात्र प्रामुख्याने उलट्या दिशेची. 16 जून 2020 ला महाराष्ट्राने नोंदींची जुळवणी करून आधी न धरलेले 1,328 मृत्यू एकदम जोडले, त्यातले 862 एकट्या मुंबईतले. देशात 2020 मध्ये नोंदलेल्या 81 लाखांहून अधिक मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण होते. बाकीच्यांचे काय मोजणार? म्हणूनच नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले, हे बघावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 साठी भारतात असे सुमारे 47 लाख जादा मृत्यू धरले, सरकारी आकडा 4.8 लाखांचा. सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला आहे, आणि जादा मृत्यूंत उपचार न मिळाल्याने गेलेलेही येतात. तरी ही तफावत फुगवलेल्या आकड्यांची नक्कीच नाही.

मामांबद्दल: नेहमीच्या मृत्यू दाखल्यावर कारण छापलेले नसते, त्यामुळे तुमच्या हातात फॉर्म 4 ची प्रत असावी. पहिल्या भागाची तळाची ओळ बघा. तिथे कोविड असेल तर नोंद बरोबर आहे. तिथे नुसते 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' असेल, तर रात्रपाळीच्या घाईत फॉर्म अर्धवट भरला गेलेला असू शकतो. हृदय आणि श्वास थांबणे हे प्रत्येकच मृत्यूत होते, ते कारण नव्हे. अशा वेळी त्यांचा चाचणी अहवाल आणि डिस्चार्ज किंवा डेथ समरी शोधा. सप्टेंबर 2021 च्या केंद्राच्या निकषांत चाचणीपासून 30 दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरलेला आहे, आणि 50 हजारांची मदत याच कागदांवर मिळाली. ते सगळे मामींच्या नावाने एका फाइलमध्ये लावून ठेवा.